श्रेढी शिकवताना आधी उड्या मोजायला लावा

दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढी येते आणि भूमिती श्रेढी अकरावीपर्यंत थांबते. मी चाळीसगाव तालुक्यात दोन्ही वर्गांना गणित शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की या दोन्ही श्रेढींची ओळख एकाच आठवड्यात करून द्यावी. एकीत दर वेळी तेवढंच मिळवायचं, दुसरीत दर वेळी तेवढ्यानंच गुणायचं. दोन्ही शेजारी ठेवल्या की दोन्ही उमजतात. मध्ये वर्ष गेलं की अकरावीत मुलं भूमिती श्रेढीतही वजाबाक्याच करत बसतात. दहावीच्या परीक्षेला नसली तरी भूमिती श्रेढीवर दोन तास द्या, ते वाया जात नाहीत.

दुसरा आग्रह सूत्राबद्दल. पहिले तीन-चार तास फळ्यावर सूत्र लिहू नका. सूत्र आधी मिळालं की मुलं गणित वाचायचं सोडून 'यात पहिलं पद कुठलं, फरक कुठला' एवढंच शोधू लागतात. प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत आला की हात थांबतो.

पहिल्या तासाला मी फळ्यावर दोनच संख्या लिहिते: २, ४. पुढची कोणती? अर्धा वर्ग सहा म्हणतो, अर्धा आठ. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं मांडू द्या, घाई करू नका. मग तिसरी संख्या आठ लिहा. आता सगळे एकमुखानं सोळा म्हणतात. तिथे १४ लिहा आणि शांत राहा. कुणीतरी फरक काढतं: दोन, चार, सहा. म्हणजे हाही नियमच आहे, पण आपल्या दोन्ही श्रेढींत बसणारा नाही. नियम सांगितल्याशिवाय 'पुढची संख्या' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं, हे मुलांना या दहा मिनिटांत कळतं. त्याच तासाला १, ४, ९, १६ आणि १, १, २, ३, ५ याही क्रमिका दाखवा, म्हणजे प्रत्येक क्रमिका या दोन खोक्यांपैकी एकात कोंबायची सवय लागत नाही. आणि ३, ३, ३, ३ विसरू नका. फरक शून्य म्हणून ती अंकगणिती, गुणोत्तर एक म्हणून भूमितीही. या उदाहरणावर मुलं खूप भांडतात. भांडू द्यावं.

दुसऱ्या तासाला चहाचे कागदी कप. चार-पाच गटांना प्रत्येकी दहा कप आणि एक मोजपट्टी द्या. एका कपाची उंची मोजा, मग दोन कप एकात एक घालून, मग तीन, असं तक्त्यात भरत जा. आमच्याकडच्या कपांचं माप साडेसात सेंटीमीटर येतं आणि प्रत्येक नव्या कपाने चळत अर्ध्या सेंटीमीटरनं वाढते. तुमच्याकडे वेगळं येईल, तेच घ्या. मग विचारा: पन्नास कपांची चळत किती उंच? इथे वर्गात दोन उत्तरं येतात, साडेबत्तीस आणि बत्तीस. साडेबत्तीस म्हणणाऱ्यांनी ५० वेळा अर्धा सेंटीमीटर मिळवलेला असतो. तुम्ही उत्तर सांगू नका. तीन कपांची चळत हातात धरायला लावा आणि विचारा, वाढ किती वेळा झाली? दोनदा. मग पन्नास कपांत? एकोणपन्नास वेळा. साडेसात अधिक साडेचोवीस, बत्तीस.

हा क्षण सगळ्या धड्याचा कणा आहे. सूत्रातला 'एन वजा एक' (एन म्हणजे पदाचा क्रमांक) मुलं पाठ करतात, पण तो एक का वजा करायचा हे माहीत नसतं, म्हणून परीक्षेत कधी तो गळतो, कधी अधिक एक होतो. आमच्या वर्गात एक वाक्य ठरलेलं आहे: पदं मोजू नका, उड्या मोजा. पहिल्या पदावर आपण उभेच असतो, तिथे पोचायला उडी लागत नाही. विसाव्या पदाला एकोणीस उड्या. सातव्या पदावरून विसाव्यावर जायला तेरा.

एकदा उड्या मोजायची सवय लागली की पाठ्यपुस्तकातले पाच वेगळे वाटणारे प्रश्न एकच होतात. चारने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? पहिली १२, शेवटची ९६. मधलं अंतर ८४, उडी चारची, म्हणजे २१ उड्या आणि २२ संख्या. कपांची चळत ४० सेंटीमीटर उंच झाली तर कप किती? साडेबत्तीस सेंटीमीटर वाढ, अर्ध्याच्या ६५ उड्या, कप ६६. ५ आणि २९ यांच्यामध्ये तीन संख्या अशा घाला की अंकगणिती श्रेढी होईल. इथे मुलं २४ ला तीनने भागतात. बोटांनी दाखवा: मध्ये तीन थांबे म्हणजे उड्या चार. सहाची उडी, म्हणून ११, १७, २३. लगेच त्याच फळ्यावर शेजारी भूमितीचा जोडप्रश्न लिहा: ३ आणि ४८ मध्ये तीन संख्या. उड्या तशाच चार, पण आता गुणाकाराच्या. ४८ भागिले ३ म्हणजे १६. कोणती संख्या चार वेळा गुणली की १६ होतात? दोन. म्हणून ६, १२, २४. वर्गात एखादा तरी 'उणे दोन' म्हणतोच, आणि तो बरोबर असतो: −६, १२, −२४. नसेल कुणी म्हटलं तर तुम्ही विचारा.

आता पाढे. पाढ्यात कच्ची असलेली मुलंही सातचा पाढा ही अंकगणिती श्रेढी आहे हे लगेच मान्य करतात. पाढ्याची सोय अशी की तिथे क्रमांकाला सरळ सातने गुणलं की पद मिळतं. मग ३, १०, १७, २४ लिहा. हा सातचाच पाढा, फक्त प्रत्येक पदातून चार कमी केलेले. म्हणून कोणतंही पद म्हणजे क्रमांक गुणिले सात, वजा चार. शंभरावं पद ६९६. प्रत्येक अंकगणिती श्रेढी म्हणजे एक सरकवलेला पाढा. असं पाहिलं की मुलांना 'सात एन वजा चार' ही राशी आणि नववीपासून माहीत असलेली रेषा यांचं नातं दिसतं. आलेख कागदावर आडव्या अक्षावर क्रमांक आणि उभ्या अक्षावर पद घेऊन बिंदू काढायला लावा. बिंदू एका रेषेत येतात आणि क्रमांक एकने पुढे गेला की रेषा सात घरं चढते. उतरती श्रेढी, म्हणजे २०, १७, १४, त्याच कागदावर काढली की फरक उणे का लिहायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. पण बिंदू जोडू नका म्हणून बजावा. साडेतीनावं पद असं काही नसतं.

भूमिती श्रेढीसाठी माझी पहिली वस्तू वर्तमानपत्राचं पान. घडी घाला, थर मोजा: २, ४, ८, १६. त्याच वेळी दुसऱ्या रकान्यात वर दिसणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ लिहा: निम्मं, पाव, एक अष्टमांश. एकाच कृतीत एक श्रेढी चढते, दुसरी उतरते, एकीचं गुणोत्तर दोन, दुसरीचं एक द्वितीयांश. सहा-सात घड्यांनंतर पान दुमडतच नाही. मग हिशेबानं पुढे जा: कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर दहा घड्यांनंतर दहा सेंटीमीटरच्या थोडं वर, आणि वीस घड्यांनंतर १०० मीटरच्या वर. मुलं विश्वास ठेवत नाहीत, म्हणून गुणाकार त्यांनाच करू द्या.

दुसरी वस्तू टेनिसचा चेंडू. स्पर्धेच्या चेंडूसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे: २५४ सेंटीमीटरवरून टणक जमिनीवर सोडल्यावर तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. म्हणजे उसळीचं गुणोत्तर साधारण ०.५३ ते ०.५८. भिंतीवर खडूनं खुणा करा, मोबाईलवर संथ चित्रीकरण करा आणि सलग तीन उसळ्या मोजा. पहिली १४० आली तर दुसरी साधारण ७७ आणि तिसरी ४३ यायला हवी. प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, ते खोडू नका. मुलांना भागाकार करून गुणोत्तरं जवळपास सारखी येतात का ते पाहू द्या. उसळ्यांची वजाबाकी केली तर फरक झपाट्यानं घटतो, म्हणजे ही अंकगणिती नाही, हेही त्यांनीच म्हणावं.

तिसरी वस्तू मला सगळ्यात प्रिय आहे, ती म्हणजे पेटी. शाळेत प्रार्थनेसाठी हार्मोनियम असतेच. मंद्र, मध्य आणि तार सप्तकातला एकच सूर वाजवा. त्यांची कंपनं सेकंदाला २२०, ४४०, ८८० अशी दुप्पट होत जातात, पण कानाला दोन्ही उड्या सारख्याच वाटतात. कान गुणोत्तर ऐकतो. आता २२० पासून ४४० पर्यंतच्या सगळ्या पट्ट्या, पांढऱ्या आणि काळ्या, एकामागून एक वाजवा आणि मोजायला सांगा. मुलं तेरा म्हणतात. उड्या बारा! आधीची सवय इथे उपयोगी पडते. बारा सारख्या उड्यांत दुप्पट व्हायचं, तर प्रत्येक उडी केवढी? कुणीतरी २२० ला बारानं भागून प्रत्येक उडी १८.३३ ची धरतं. तसं केलं तर पहिल्या उडीत सूर बाराव्या हिश्श्यानं चढेल आणि शेवटच्या उडीत त्याच्या जेमतेम निम्म्यानं, म्हणजे कानाला उड्या असमान लागतील. सारख्या लागायला हव्या असतील तर अशी संख्या हवी जी बारा वेळा स्वतःशी गुणली की दोन होते. गणकयंत्रावर ती १.०५९५ च्या आसपास येते. पेटी समान अंतराच्या स्वरांत लावलेली असेल तर तिची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या इतकी पट असते. तबला शिकणारं एखादं मूल वर्गात असेल तर त्यालाही बोलवा. बराबर, दुगुण, तिगुण, चौगुण या लयी १, २, ३, ४ म्हणजे अंकगणिती. तिगुण गाळून थेट चौगुण आणि मग आठपट घेतली की १, २, ४, ८, म्हणजे भूमिती.

यानंतर दोन्ही श्रेढी एका तक्त्यात आणायला व्याजाइतकं चांगलं काही नाही. दहा हजार रुपये, दर साल दहा टक्के. सरळव्याजानं ११,०००, १२,०००, १३,०००, १४,०००. चक्रवाढीनं ११,०००, १२,१००, १३,३१०, १४,६४१. पहिल्या वर्षी काहीच फरक नाही, चौथ्या वर्षी साडेसहाशेच्या आसपास. मुलांना वाटतं, एवढंच? मग तीस वर्षांनंतरची रक्कम काढायला सांगा: सरळव्याजानं ४०,०००, चक्रवाढीनं १,७४,००० च्या वर. ही मुलं उद्या कर्ज काढणार आहेत, घरी काहींच्या वडिलांनी काढलेलंही आहे. हा तक्ता त्यांनी वहीत नीट काढावा याबाबत मी फार काटेकोर आहे.

आता बेरीज. इथे ठिपक्यांची रांगोळी आणा. रांगोळीच्या पुस्तकात आकृतीखाली '१३ ते ७' असं लिहिलेलं असतं: मधली ओळ १३ ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, सातपर्यंत. एकूण ठिपके किती? रांगोळी काढणाऱ्या मुली इथे पुढे येतात. सातपासून तेरापर्यंतच्या ओळी सात, उड्या सहा. या सात ओळींतल्या मधल्या ओळीत दहा. दहाच्या वर जेवढे जास्त तेवढेच खाली कमी: ११ आणि ९, १२ आणि ८, १३ आणि ७. जास्तीचे ठिपके कमी असलेल्या ओळींत सरकवले की सगळ्या ओळी दहादहाच्या. सात गुणिले दहा, सत्तर. असे दोन भाग म्हणजे १४०, पण तेराची ओळ दोनदा मोजली, म्हणून १२७. वर्गाबाहेर व्हरांड्यात खरोखर ठिपके काढून मोजून घ्या.

ही 'मधलं पद गुणिले पदांची संख्या' पद्धत आपल्याच मातीतली आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार हे प्रकरण आहे. त्यात पहिलं पद म्हणजे आदि किंवा मुख, फरक म्हणजे चय, पदांची संख्या म्हणजे गच्छ. नियम असा: एक कमी केलेल्या पदसंख्येनं चय गुणा, त्यात मुख मिळवा, ते अंत्यधन. अंत्यधनात मुख मिळवून निम्मं करा, ते मध्यधन. त्याला पदसंख्येनं गुणा, ते सर्वधन. 'एक कमी केलेली पदसंख्या' म्हणजे आपल्या उड्याच. तिथलंच उदाहरण द्या: एकानं पहिल्या दिवशी चार द्रम्म (त्या काळची नाणी) दान केले आणि रोज पाच वाढवत पंधरा दिवस दान दिलं, एकूण किती? चौदा उड्या, अंत्यधन ७४, मध्यधन ३९, सर्वधन ५८५. आमच्या चाळीसगावपासून जवळच पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीला सहल गेली की मुलं हे उदाहरण तिथे आठवून सोडवतात.

पदांची संख्या सम असेल तर मधलं पद सापडत नाही, तिथे मुलं अडतात. ४, ९, १४, १९ घ्या. मधोमध ११.५ येतं, ते पद नाही, तरी चालतं: चार गुणिले साडेअकरा, ४६. पहिलं आणि शेवटचं मिळवून निम्मं करायचं ते यासाठीच. आता, आणि आताच, फळ्यावर बेरजेचं सूत्र लिहा. मुलं ते ओळखतात.

भूमिती श्रेढीच्या बेरजेला मधल्या पदाची युक्ती चालत नाही, हे आधी करून बघू द्या. मग २ + ६ + १८ + ५४ + १६२ लिहा. खाली हीच बेरीज तिप्पट करून, पण एक घर उजवीकडे सरकवून लिहा: ६ + १८ + ५४ + १६२ + ४८६. वरच्या आणि खालच्या ओळीतली चार पदं सारखी. खालच्यातून वरची वजा केली की उरतं ४८६ वजा २, म्हणजे ४८४. हे बेरजेच्या दुप्पट, म्हणून बेरीज २४२. दोन रंगांचे खडू वापरा आणि सारखी पदं मुलांना खोडू द्या. त्यानंतर पुन्हा लीलावतीतलं गणित: पहिल्या दिवशी दोन कवड्या, रोज दुप्पट, महिनाभर. तीस दिवसांत एकूण २,१४,७४,८३,६४६ कवड्या होतात. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. रूपांतर गटांत करायला द्या. उत्तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या असं येतं, आणि भागाकाराचा सराव फुकट होतो.

लिहिताना होणाऱ्या चुका थोडक्यात. फरक काढताना मागचं पद पुढच्यातून वजा करायचं, उलट नाही. गुणोत्तरही पुढचं भागिले मागचं. दोनदा फरक तपासल्याशिवाय अंकगणिती म्हणू नये. भूमिती श्रेढीत घात फक्त गुणोत्तराचा असतो: पहिलं पद २, गुणोत्तर ३ असेल तर पाचवं पद दोन गुणिले तीनचा चौथा घात, म्हणजे १६२. मुलं आधी दोन-तीन गुणून सहाचा चौथा घात घेतात आणि १२९६ लिहितात. उड्यांवर बोट ठेवून पद मोजायला लावलं की चूक त्यांची त्यांनाच सापडते. आणि बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात सूत्र, किमती, आकडेमोड, उत्तर हा क्रम लिहून घोटून घ्या. समज झालेल्या मुलाला हे जड जात नाही. तीन पदांची बेरीज दिली असेल तर मधलं पद धरून दोन्हीकडे फरक वजा-अधिक करायला शिकवा: बेरीज २७, गुणाकार ६४८, तर मधलं ९, मग ८१ वजा फरकाचा वर्ग म्हणजे ७२, फरक तीन, पदं ६, ९, १२.

शेवटच्या तासाला मी एकच प्रश्न देते: ४, रिकामी जागा, ३६. कोणती श्रेढी ते सांगत नाही. उड्या दोन. मिळवायचं असेल तर १६ ची उडी, उत्तर २०. गुणायचं असेल तर गुणोत्तर तीन, उत्तर १२, किंवा उणे तीन, उत्तर −१२. मग मुलांनी स्वतः धन संख्यांच्या जोड्या निवडून दोन्ही मधली पदं काढावीत. भूमितीतलं अंकगणितीपेक्षा कधी मोठं येतं का? सगळा वर्ग शोधतो, कुणालाच सापडत नाही. का, हे विचारा, आणि दोन संख्यांच्या वर्गमुळांच्या वजाबाकीचा वर्ग करायला सांगा. वर्ग कधी ऋण येत नाही. विस्तार लिहिला की दोन्ही संख्यांची बेरीज, त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा कमी होऊच शकत नाही, हे समोर येतं. दोन्ही मधली पदं सारखी कधी येतील, ते मात्र घरून करून आणायला द्या.